गोळ्यांची खतावणी : अक्कलदाढ काढल्यानंतरचा माझा आठवडा

दाढ काढताना अजिबात दुखलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विचारणारे सगळे तेवढंच विचारतात. जे काही दुखलं ते नंतर, आणि त्यातलं निम्मं तरी माझ्याच शहाणपणामुळे.

मी ठाण्यात राहते, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी होती, म्हणजे वर यायचं सोडून शेजारच्या दाढेला डोकं लावून झोपलेली. वर्षभरात दोनदा तिथली हिरडी सुजली, दोनदा अँटिबायोटिक झालं, आणि दुसऱ्या वेळी राम मारुती रोडजवळच्या आमच्या डॉक्टर मॅडमनी जबड्याचा मोठा एक्स-रे समोर धरून सांगितलं, "आता हिला ठेवण्यात अर्थ नाही. सूज पूर्ण उतरली की काढू." जुलैतला एक गुरुवार ठरला. दुपारी साडेतीनची वेळ. शुक्रवारी सुट्टी टाकली की पुढे शनिवार-रविवार आहेच, असा माझा हिशेब.

आधी एक फॉर्म भरून घेतला. दमा आहे का, बीपी, किडनीचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करायची गोळी, डिप्रेशनची गोळी, गरोदर आहात का. मी भराभर "नाही, नाही, नाही" करत गेले आणि फक्त अ‍ॅसिडिटीपुढे "हो" लिहिलं. नंतर कळलं, यातले बरेचसे प्रश्न नुसत्या दाढेसाठी नव्हते, गोळ्यांसाठीही होते. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना धाप लागू शकते, अल्सरवाल्यांच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी कमजोर असेल तर ती आणखी बिघडू शकते. डिप्रेशनवरच्या काही गोळ्या चालू असताना ट्रॅमाडॉल हे कडक वेदनाशामक घेतलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. फॉर्म भरताना माझं लक्ष मात्र आतून येणाऱ्या ड्रिलच्या आवाजाकडे होतं.

काढण्याचा भाग चाळीस मिनिटांचा. इंजेक्शन, मग खालचा ओठ वडापावएवढा झाल्यासारखं वाटणं, मग तुकडे करून दाढ बाहेर. दोन टाके. गालात कापसाची घडी दाबून धरायची, पाऊण तास सोडायची नाही. हातात एक छापील कागद: थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, आज गरम काही नको, चूळ उद्यापासून. आणि त्यावर मॅडमनी पेनाने दोनदा अधोरेखित केलेली ओळ: "बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी घ्यावी."

मी मान डोलावली. तोंडात कापूस असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

खाली केमिस्टकडे नवऱ्याने चिठ्ठी दिली. अँटिबायोटिक, सकाळी उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची गोळी आणि दुखण्यावरची कॉम्बिफ्लाम हे काकांनी खटाखट काढलं. चौथ्या औषधाला ते थांबले. चिठ्ठी उलटसुलट बघितली, एक जाडजूड रजिस्टर काढलं, त्यात डॉक्टरांचं नाव, माझं नाव, औषध आणि नग लिहिले, चिठ्ठीवर शिक्का मारला. मग दहाच्या पाकिटातून कात्रीने मोजून चार गोळ्या कापून दिल्या. पाकिटावर लाल चौकटीत सूचना होती. ती ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी होती. ट्रॅमाडॉल अफूच्या वर्गातलं, पण कारखान्यात बनणारं औषध. आपल्याकडे ते शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आहे, म्हणून ही नोंद करावी लागते आणि रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. एप्रिल २०१८पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. नवरा म्हणाला, "एवढी चौकशी तर बँक लॉकरला पण होत नाही." मला मात्र ते रजिस्टर बघून बरं वाटलं. रकाने सरळ आखलेले होते.

चिठ्ठीत त्या गोळीपुढे लिहिलं होतं: "असह्य झालं तरच." आणि स्कूटी चालवू नये. रिक्षाने घरी आलो. गोखले रोडवरचा प्रत्येक खड्डा जबड्यात मोजला, पण दुखत नव्हतं.

साडेपाच वाजता कापूस काढला. आइस्क्रीम खाल्लं. आरशात बघून वाकड्या तोंडाने हसले. सासूबाई म्हणाल्या, "गोळी घे ना आता." मी म्हटलं, "आई, दुखतच नाहीये तर कशाला? उगाच पोटात औषधं." आमच्या पिढीत हा एक मानाचा मुद्दा आहे, गोळी न घेता राहणं. घेतली तर निदान दुखल्यावर तरी घ्यावी!

सातच्या सुमाराला ओठाला मुंग्या आल्या. सव्वासातला ठणका सुरू झाला आणि साडेसातला मी सोफ्याची कड धरून बसले होते. कानापर्यंत कळ, डोळ्याच्या मागे सणक, नाडीच्या ठोक्यागणिक. तेव्हा कुठे पहिली कॉम्बिफ्लाम घेतली. गोळीला चढायला वेळ लागतो, अर्धा ते एक तास. पण ठणकत असताना अर्धा तास म्हणजे किती हे घड्याळाला माहीत नसतं. साडेआठला मी ठरवून टाकलं की हे असह्य आहे आणि ती शिक्क्याची गोळी घेतली. पोटात आइस्क्रीमशिवाय काही नव्हतं.

नऊ वाजता दीर आला, त्याच्या पाठदुखीचं पाकीट घेऊन. "वहिनी, ही घ्या. कडक आहे. मला दोन गोळ्यांत उभं केलं होतं." मी ते उशाशी ठेवून घेतलं. साडेदहाला खोली गरगरायला लागली. मळमळ, घाम, आणि मग जे होऊ नये तेच: उलटी. आज थुंकायचंसुद्धा नाही म्हणून बजावलेल्या तोंडाने. अकरा वाजता सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अंग कोमट लागतंय," आणि तापाची साडेसहाशेची गोळी पाण्याच्या पेल्यासह पुढे केली.

ती मी घेतली नाही, पण त्याला कारण अक्कल नव्हतं. काहीही गिळायची भीती बसली होती, एवढंच. नवऱ्याने मॅडमना मेसेज टाकला. दहा मिनिटांत उत्तर: "आज पुन्हा ट्रॅमाडॉल देऊ नका. उलटीत गोळी पडली असेल असं समजून डबल डोस अजिबात नको, दोन तासांत ती अंगात गेलेली असते. दीड वाजता दूध-बिस्कीट देऊन कॉम्बिफ्लाम. बाकी काहीही नको. सकाळी फोन करा."

दीड वाजेपर्यंत झोप येण्यासारखी नव्हती. तेव्हा मी जे करते तेच केलं. जुन्या डायरीचं कोरं पान घेतलं आणि रकाने आखले: वेळ, गोळी, आत काय. मग उशाशी जमलेली पाकिटं एकेक करून उजेडात धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. दवाखान्याची कॉम्बिफ्लाम: आयबुप्रोफेन ४००, पॅरासिटामॉल ३२५. शिक्क्याची गोळी: ट्रॅमाडॉल साडेसदतीस, पॅरासिटामॉल ३२५. दिराची कडक गोळी: एसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५. सासूबाईंची तापाची: पॅरासिटामॉल ६५०. चार पाकिटं, चार रंग, चार नावं, आणि प्रत्येकात तोच गडी बसलेला.

समजा मी सगळ्यांचं मन राखलं असतं. कॉम्बिफ्लाम दिवसातून तीनदा: ९७५. शिक्क्याची गोळी सहा-सहा तासांनी: १३००. तापाची तीनदा: १९५०. दिराची दोनदा: ६५०. बेरीज ४८७५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला चोवीस तासांत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४००० सांगतात, तीही यकृत ठणठणीत असेल तर. म्हणजे कुणीही चुकीचं न वागता, सगळ्यांच्या प्रेमापोटी, माझ्या लिव्हरवर ८७५चा ओव्हरड्राफ्ट. शिवाय आयबुप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक एकाच जातीची, दोन्ही पोटाच्या अस्तरावर उठणारी. ती एकत्र घेतल्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही, अल्सरचा धोका मात्र वाढतो. त्या बेरजेकडे मी बराच वेळ बघत बसले. ऑफिसात असा घोळ दिसला असता तर दोन जणांना मेमो गेला असता.

सकाळी मॅडमनी फोनवर शांतपणे समजावलं. जिथे हाड कोरलंय तिथे जखमेतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतात. त्यांनी सूज येते आणि नसा इतक्या हळव्या होतात की नाडीचा ठोकाही लागतो. आयबुप्रोफेन ही रसायनं बनणंच रोखतं. बनून गेलेल्या मालाचं ते काही करत नाही, म्हणून बधिरपणा असतानाच गोळी आत जायला हवी. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदूच्या बाजूला, त्यामुळे दोघांची जोडी एकेकट्यापेक्षा जास्त चालते.

"आणि ती शिक्क्याची?"

"ती वर डोक्यात निरोप पोचू देत नाही. खाली दाढेत सूज आहे हे तिला माहीतच नाही. दाढेच्या दुखण्याला कडक म्हणजे चांगली असं नसतं."

त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०२४मध्ये मोठ्या माणसांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: दाढ काढल्यावर पहिला मान आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा, एकट्या किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने. अफूच्या वर्गातली औषधं या गोळ्यांनी भागत नसेल किंवा या गोळ्या चालत नसतील तरच, आणि मोजकीच. तिकडे कित्येक तरुणांची या वर्गातल्या गोळ्यांशी पहिली ओळख अक्कलदाढ काढल्यावरच व्हायची, आणि काहींची ती ओळख सुटायची नाही. मी विचारलं, मग मला चार तरी का दिल्यात? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "हाड बरंच कापावं लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही रात्री दहाला फोन कराल या भीतीनं. यापुढे बहुतेक आधीपासून नाही देणार." डॉक्टर असं सरळ बोलतात तेव्हा माझा विश्वास वाढतो.

चक्कर आणि उलटीचंही त्यांना नवल नव्हतं. ट्रॅमाडॉलचा तो नेहमीचा त्रास, रिकाम्या पोटी आणि बसून-उठून जास्त. यकृत या औषधाचं आधी रूपांतर करतं आणि मग त्याचा खरा जोर चढतो. कोडीनचंही तसंच, त्याचं यकृतात मॉर्फिन होतं. कुणाचं यकृत हे झपाट्यानं करतं, कुणाचं जेमतेम, म्हणून तीच गोळी एकाला लागत नाही आणि दुसऱ्याला आडवं करते. बारा वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही देऊ नयेत असं अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७मध्ये जाहीर केलं ते यामुळेच.

माझ्यापुरतं वेळापत्रक बदललं. (माझ्यापुरतं. माझी किडनी, बीपी, पोट बघून. हे उतरवून घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.) पहिले दोन दिवस कॉम्बिफ्लाम सहा-सहा तासांनी, पोटात काही घालूनच. मग आठ तासांनी. मग लागेल तशी. दीड, साडेसात, दीड, साडेसात असे चार अलार्म लावले.

रात्री दीडच्या अलार्मवर घरात थोडी चर्चा झाली. झोपलेल्या माणसाला गोळीसाठी उठवायचं? पण तोच डोस सगळ्यात मोलाचा निघाला. तो चुकला की पहाटे चारला ठणक्याने जाग येणार, मग गोळी, मग ती चढेपर्यंत तळमळ. दुखणं एकदा पुढे पळालं की गोळी मागून धापा टाकत येते. शुक्रवारी आणि शनिवारी मला दुखलं, पण कुणी दुसऱ्या खोलीत मोठ्याने बोलत असावं तसं. बाहेरून बर्फ, वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. शनिवारी गाल सर्वांत जास्त सुजला आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. ते अपेक्षित होतं, कागदावर लिहिलेलं होतं. मऊ वरणभात मिक्सरमधून काढून चमच्याने, उजव्या बाजूने.

रविवारी सकाळी घरच्यांनी मामलेदारची मिसळ पार्सल आणली. माझ्यासमोर. याबद्दल मी इथे अधिक काही लिहिणार नाही.

त्याच संध्याकाळी दुखणं उलटं फिरलं. सूज उतरत होती आणि कळ मात्र वाढत होती, खोल, कानात घुसणारी. कॉम्बिफ्लाम घेऊनही तासाभरात पुन्हा तेच. तोंडाला एक घाण वास आणि चव. डायरीत मी "दुखणं दहापैकी" असा एक रकाना वाढवला होता. त्यात शुक्रवारी चार, शनिवारी तीन, आणि रविवारी रात्री एकदम आठ. पाकिटात शिक्क्याच्या तीन गोळ्या शिल्लक होत्या. एक तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले. एक रात्र काढता येईल. उद्याही एक. परवाही एक. गोळ्या संपेपर्यंत आपोआप बरं होईल असं स्वतःला पटवायला फार कष्ट पडत नाहीत.

तो रकाना बघूनच फोन केला. मॅडम ऐकून म्हणाल्या, "तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतंय आणि वास येतोय, म्हणजे ड्राय सॉकेट असणार. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती हाडाचं पांघरूण. ती निघून गेली की हाड उघडं पडतं. याला गोळी वाढवून उपयोग नाही, याला मलमपट्टी लागते. आज झोप हवी असेल तर ती एक घ्या, पण जेवून, आणि आडवं पडूनच. उद्या साडेनऊला या." पहिल्या रात्रीच्या उलटीने गुठळी गेली का, हे विचारलं. खालच्या अक्कलदाढेला हे तसंही जास्त होतं, नेमकं कशाने ते सांगता येत नाही, म्हणाल्या.

ती गोळी मी घेतली, भात खाऊन, दिवे मालवून. या वेळी उलटी झाली नाही. दुखणं गेलं का? नाही. दुखत होतं, पण ते माझं नसून शेजारच्या कुणाचं तरी असावं, असं काहीसं. झोप लागली. या गोळीचं जे काम आहे ते तिने केलं, तेवढं मान्य करायला हवं. तिच्याकडून मी पहिल्या रात्री जे मागत होते ते तिचं कामच नव्हतं.

सोमवारी साडेनऊला खुर्चीवर. मॅडमनी खड्डा सलाइनने हलक्या हाताने धुतला, त्या वेळी मात्र डोळ्यांतून पाणी आलं. मग एका तपकिरी औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली. पाच मिनिटं झाली असतील. कळ बंद. कमी नव्हे, बंद. गेल्या सोळा तासांत प्रथमच मी जबडा सैल सोडला. तोंडात एक ओळखीचा वास पसरला होता, आणि तो कसला हे कळायला मला क्षणभर लागला. लवंगेचा.

इथे मागचं सांगायला हवं. गुरुवारी रात्री सासूबाईंनी लवंगेच्या तेलाचा बोळा आणला होता आणि मी, कागदावर "जखमेत काही घालू नये" असं लिहिलंय म्हणून, त्यांना जरा तोडूनच बोलले होते. ताज्या जखमेत ते घालायचं नाही हे खरंच आहे, तेल नाजूक भागाला भाजतं आणि गुठळी हलू शकते. पण ड्राय सॉकेटच्या पट्टीत जे युजेनॉल असतं ते लवंगेच्या तेलातलंच मुख्य द्रव्य. घरी येऊन मी हे सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाल्या. मग संध्याकाळी त्यांच्या बहिणीच्या फोनवर, नंतर खालच्या मजल्यावर, नंतर दिराला, असं मी तीनदा ऐकलं की डॉक्टरांनी शेवटी लवंगच लावली.

बुधवारी पट्टी बदलली, गुरुवारी टाके निघाले. त्या दिवशी डायरीत एकच कॉम्बिफ्लाम होती. शुक्रवारी रकाना कोरा.

शिक्क्याच्या दोन गोळ्या उरल्या. सासूबाई म्हणाल्या, "डब्यात ठेव, माझ्या गुडघ्याला होतील." आमच्या घरात गोळ्यांचा एक जुना बिस्किटांचा डबा आहे. त्यात कुणाचं काय, कधीचं, कशावरचं, याचा कुणालाही पत्ता नाही. उरलेली बहुतेक औषधं नाल्या-गटारात जाऊ नयेत म्हणून फ्लश करायची नसतात. पण ट्रॅमाडॉलसारखी काही मोजकी औषधं घरात पडून राहणं त्याहून धोक्याचं, म्हणून ती फ्लश करावीत, असं आपल्या केंद्रीय औषध नियामकाने २०२५मध्ये सांगितलंय. मी दोन्ही गोळ्या पाकिटातून काढल्या, टाकल्या, पाणी सोडलं आणि डायरीत शेवटची नोंद केली: आल्या ४, घेतल्या २, टाकल्या २, शिल्लक शून्य.

मग तो बिस्किटांचा डबा ओट्यावर उपडा केला. पहिलंच पाकीट निघालं ते दिराच्या कडक गोळ्यांचं. मी परत दिलेलं ते कुणीतरी जपून आत ठेवलं होतं.